थर्ड पार्टी विमा : दावा अंगावर आल्यावर ही पॉलिसी किती साथ देते?

गाडीचा विमा विकताना सगळी चर्चा आपल्याच बंपरभोवती फिरते. कॅशलेस गॅरेज किती, झिरो डेप्रिसिएशन आहे का, नो क्लेम बोनस टिकेल का. पण ज्या भागामुळे घर, शेत, पीएफ शाबूत राहतो तो थर्ड पार्टीचा भाग कोणी उघडूनही बघत नाही. हे परीक्षण त्या भागाचं आहे. कुठल्या एका कंपनीचं नाही, कारण हा माल सगळीकडे जवळपास सारखाच मिळतो: दर सरकार ठरवतं, शर्तींचा मसुदा ठरलेला आहे. आपल्या गाडीने कोणी जखमी झालं आणि त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आपल्यावर दावा लावला, तर हा कागद काय करतो आणि काय करत नाही, एवढंच इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. भरपाईची रक्कम चुकती करण्यात या पॉलिसीला तोड नाही. तुमचा बचाव करण्यात मात्र ती अर्धवट आहे, आणि हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

किमतीपासून सुरुवात करू. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाचे 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416, त्यावरच्या कारला 7,897. दुचाकीत 75 ते 150 सीसीला 714 आणि 150 ते 350 सीसीला 1,366. जीएसटी वेगळा. एवढ्या पैशांत तिऱ्हाईताच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई मिळते आणि तिला आकड्याची मर्यादा नाही. न्यायाधिकरणाने चाळीस लाखांचा निवाडा दिला तरी कंपनीने तो भरायचा असतो. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला: दुचाकीला 1 लाख, कारला साडेसात लाख. हप्त्यात किरकोळ सूट घेऊन ही मर्यादा 6,000 रुपयांवर आणण्याचा पर्याय असतो. तो कधीही घेऊ नका. समोरच्या कारचा एक हेडलाइट फुटला तरी 6,000 पुरत नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे. समन्स येतं तेव्हा त्यावर दोन किंवा तीन जाबदार असतात: गाडीचा मालक, विमा कंपनी, आणि वेगळा असेल तर चालक. मालक समन्स बघतो, खाली कंपनीचं नाव दिसतं, आणि त्याला हायसं वाटतं. विमा आहे ना, कंपनीचा वकील बघून घेईल. इथेच घात होतो. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. तो कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करतो तेव्हा सुरुवातीच्या परिच्छेदांत अपघात आणि हयगय नाकारलेली असते, ते तुमच्याही सोयीचं. पण पुढे हमखास असं वाक्य येतं की चालकाकडे वैध परवाना नव्हता, पॉलिसीच्या शर्तींचा भंग झाला आहे, म्हणून कंपनी जबाबदार नाही. याला उत्तर देणारं न्यायालयात कोणीच नसेल, तर ते विधान तसंच उभं राहतं. शिवाय मालक हजर राहिला नाही किंवा नीट लढला नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 170 खाली कंपनी परवानगी घेऊन सगळ्याच मुद्द्यांवर लढू शकते. तेव्हाही ती स्वतःसाठीच लढत असते.

पॉलिसीच्या छापील शर्तींत कंपनीला विमेदाराच्या नावाने बचाव ‘हाती घेण्याचा’ हक्क दिलेला आहे. हक्क, बंधन नाही. हा फरक या मालातला सगळ्यात मोठा दोष म्हणावा लागेल. म्हणून स्वतःचा वकील लावणं, वकीलपत्र आणि कैफियत स्वतंत्र दाखल करणं, आणि कंपनीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणं हा खर्च विम्याच्या हप्त्यातच धरून चालावं. पॉलिसी तो सहसा परत देत नाही. कंपनीच्या लेखी संमतीने केलेला खर्चच ती मानते. संमती मागण्याचं पत्र मात्र जरूर द्या, त्यात गमवायचं काही नाही.

पहिल्या काही तासांत पॉलिसी तुमच्याकडून काय मागते तेही बघायला हवं. कायद्याचं कलम 134 चालकावर तीन कामं टाकतं: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं, पोलिसांना माहिती देणं, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. त्या पत्रात पॉलिसी क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींचा तपशील, चालकाचं नाव आणि परवान्याची माहिती हवी. टोल फ्री क्रमांकावर फोन केला म्हणजे कळवलं असं समजू नका. ईमेल करा आणि पोच जपून ठेवा. स्वतःच्या गाडीचा क्लेम घ्यायचा नसेल तरीही कळवायचं. बोनस जाईल या भीतीने अनेक जण गप्प बसतात आणि सहा महिन्यांनी समन्स आलं की धावपळ करतात. तोवर कंपनीचा तपासनीस घटनास्थळी जाऊन काही टिपून ठेवेल ही संधी गेलेली असते.

दुसरी शर्त जास्त नाजूक आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैशाचं वचन द्यायचं नाही. आपल्याकडे गावातली चार माणसं बसवून स्टॅम्प पेपरवर ‘आपसात मिटवलं’ असं लिहून देण्याची रीत आहे. त्याने तिहेरी नुकसान होतं: पैसे जातात, पॉलिसीची शर्त मोडते, आणि दावा थांबेलच याची खात्री नसते. जखमीला दवाखान्यात नेणं, तिथली पहिली अनामत भरणं ही वेगळी गोष्ट आहे. ती माणुसकी आहे आणि कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. फक्त पावतीवर ‘भरपाईपोटी’ असं काही लिहू नका.

1 एप्रिल 2022 पासून पोलिसांकडूनही कागद मागितले जातात. 48 तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जातो. चालकाला नमुना 3 आणि मालकाला नमुना 4 तीस दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे भरून द्यावा लागतो, आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल तयार होणं अपेक्षित असतं. हा सविस्तर अहवालच न्यायाधिकरण दावा अर्ज म्हणून हाती घेऊ शकतं. म्हणजे पोलीस ठाण्यात घाईने भरलेला नमुना 4 हा तुमच्या बचावाचा पहिला कागद ठरतो. गाडी कोण चालवत होतं, त्याचा परवाना कुठल्या वर्गाचा, पॉलिसी कोणत्या वेळेपासून सुरू, हे सगळं मूळ कागद समोर ठेवून लिहा.

फौजदारी बाजू पॉलिसीच्या कक्षेबाहेर आहे, पण तिचा परिणाम थेट दाव्यावर होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 खाली गुन्हा नोंदला जातो आणि पुढे ‘दंड भरून मोकळे व्हा’ असा सल्ला मिळतो. न्यायालयात गुन्हा कबूल केला की त्याची प्रत अर्जदाराचा, म्हणजे दावा लावणाऱ्याचा, वकील न्यायाधिकरणात हयगयीचा पुरावा म्हणून दाखल करतो. काही हजारांचा दंड भरून लाखोंच्या दाव्यात आपणच आपले हात बांधून घेतो. निर्दोष सुटलात तरी न्यायाधिकरणावर ते बंधनकारक नसतं हेही खरं, कारण तिथे पुराव्याचा निकष सौम्य आहे. तरी कबुली देण्याआधी दाव्याचा विचार झालाच पाहिजे.

समन्स कुठूनही येऊ शकतं. अपघात जिथे झाला, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, किंवा जाबदार जिथे राहतो, यांपैकी कुठेही दावा लावता येतो. नाशिकच्या गाडीमालकाला लातूरचं समन्स आलं म्हणून ते चुकीचं ठरत नाही. बेलिफाला परत पाठवणं, ‘घरी नाही’ सांगणं यातून फक्त एकतर्फी हुकूम पदरात पडतो. समन्स मिळालं की त्याच दिवशी अर्ज आणि जोडपत्रांसह त्याची प्रत कंपनीला पाठवायची. कंपनीला वेगळं समन्स गेलेलं असेल असं गृहीत धरू नका. पॉलिसीची शर्त प्रत्येक नोटीस ताबडतोब पुढे पाठवायला सांगते. एकतर्फी हुकूम झालाच असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज होऊ शकतो, पण हुकमापासून तीस दिवसांच्या आत आणि सबळ कारणासह. समन्स बजावलंच गेलं नव्हतं, तर हुकूम कळल्यापासून तीस दिवस.

दावा उशिरा लावला हा मुद्दा बरेच जण पहिला मांडतात. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात परत आली आहे. पण या तरतुदीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे मुद्दा कैफियतीत लिहून ठेवावा, सगळा बचाव त्यावर टांगू नये.

बचावाचं खरं मांस तीन ठिकाणी असतं.

पहिलं म्हणजे अपघात आपल्याच गाडीने झाला का, आणि चूक कोणाची. घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, काचेचे तुकडे कुठे पडले, गाडी कुठल्या बाजूला उभी होती, हे असतं. फिर्यादीतली ‘भरधाव वेगात, हयगयीने’ ही ठरावीक वाक्यं त्याच्याशी जुळतात का ते पाहायचं. त्याहून मोलाचा कागद म्हणजे पहिल्या दवाखान्यातली वैद्यकीय नोंद. तिथे अपघाताची हकीगत जखमीने किंवा नातेवाइकाने सांगितल्याप्रमाणे लिहिलेली असते. ‘दुचाकी घसरून पडला’ अशी नोंद असेल आणि फिर्याद तीन आठवड्यांनी गाडीचा नंबर घेऊन आली असेल, तर ती मूळ नोंदवही साक्षीदार समन्स काढून मागवायलाच हवी. नुसती झेरॉक्स दाखल करून भागत नाही. दोघांचीही चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. मात्र जखमी दुसऱ्या वाहनावर मागे बसलेला असेल आणि दोन्ही चालकांची चूक असेल, तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी एकाकडूनही मागू शकतो. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून चूक सिद्ध होत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं.

दुसरं ठिकाण म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी, आणि रकमेची लढाई बहुतेक इथेच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालात एका अवयवाचं अपंगत्व, संपूर्ण शरीराचं अपंगत्व आणि कमाईची घटलेली क्षमता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्वच्छ सांगितलं. उदाहरणच घेऊ. जखमीचं वय 32, महिन्याची कमाई 18,000. सरला वर्मा (2009) निकालातल्या तक्त्याप्रमाणे 31 ते 35 वयाला गुणक 16. वर्षाचे 2,16,000 गुणिले 16 म्हणजे 34,56,000. प्रमाणपत्रावर ‘उजवा पाय 30 टक्के’ लिहिलंय आणि तेच जसंच्या तसं धरलं, तर कमाईचं नुकसान 10,36,800. त्याच्या कामाच्या दृष्टीने क्षमता खरी 12 टक्केच घटली असं सिद्ध झालं, तर 4,14,720. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के दोन्हीकडे मिळवले की आकडे 14,51,520 आणि 5,80,608. पावणेनऊ लाखांचा हा फरक डॉक्टरच्या उलटतपासणीतल्या पाच प्रश्नांवर ठरू शकतो: तुम्ही उपचार केले होते का, तपासणी कधी केली, टक्केवारी अवयवाची की शरीराची, कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काढली, आणि हा माणूस आपलं पूर्वीचं काम करू शकतो का. शेवटच्या प्रश्नासाठी त्याच्या मालकाला हजेरीपट आणि पगारपत्रकासह बोलवावं. त्याच पगारावर कामावर रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचं आणि उभं राहून हमाली करणाऱ्याचं नुकसान एक नसतं, आणि हमालाला जास्त मिळणं हेच न्याय्य आहे. बचाव म्हणजे जखमीला लबाड ठरवणं नव्हे. खऱ्या नुकसानीवर आकडा आणणं.

मेडिक्लेममधून बिलं मिळाली, ती वजा करा, हा मुद्दा आता मांडण्यात वेळ घालवू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये तो अर्जदाराच्या बाजूने निकाली काढला आहे.

तिसरं ठिकाण म्हणजे तुमची स्वतःची आणि कंपनीची लढाई. मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये कंपनीला कोणत्या कारणांनी हात झटकता येतात त्याची यादी आहे: परवाना नसणं, परमिटाशिवाय भाड्याने वापर, शर्यती, दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली चालवणं, माहिती लपवून घेतलेली पॉलिसी, हप्ताच न मिळणं. पीयूसी या यादीत नाही. त्यावर कोणी घाबरवलं तर यादी दाखवा. या कारणांपैकी एखादं सिद्ध झालं की न्यायाधिकरण साधारणपणे ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा हुकूम करतं. जखमीला कंपनीकडून पैसे मिळतात आणि कंपनी ते तुमच्याकडून, वेगळा दावा न लावता, त्याच निवाड्याच्या दरखास्तीत (अंमलबजावणीच्या अर्जात) वसूल करते. पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरात ‘वसुलीचा हक्क’ असं कलम छापलेलं असतं, ते हेच.

बचाव मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्णसिंग (2004) निकालानुसार शर्तभंग झाला आणि तो मालकाच्या जाणीवपूर्वक हयगयीमुळे झाला, हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. ड्रायव्हर ठेवताना परवाना पाहिला, गाडी चालवून घेतली, आणि परवाना नंतर बनावट निघाला, तर मालक सुटू शकतो. आरटीओत जाऊन खातरजमा करण्याची अपेक्षा त्याच्याकडून नसते. पण हे मालकाने साक्षीला उभं राहून सांगावं लागतं. नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं हे पक्कं केलं, त्यामुळे छोट्या टेम्पोवाल्यांविरुद्धचा कंपन्यांचा जुना मुद्दा बराच बोथट झाला आहे. परवाना संपल्यानंतरची तीस दिवसांची सवलत मात्र 2019 च्या दुरुस्तीत गेली. काल परवाना संपला आणि आज अपघात, तर ती मुदत आता नाही. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती चावी दिलेली असेल, तर वसुली बहुधा अटळ आहे, मालकावर फौजदारीही.

आता या मालातली भोकं, जी खरेदीच्या वेळी तपासायची.

फक्त थर्ड पार्टीची पॉलिसी असेल, तर तुमच्याच दुचाकीवर मागे बसलेला मित्र किंवा तुमच्या कारमध्ये फुकट बसलेला पाहुणा हा आजवरच्या निकालांनुसार त्यात धरला जात नाही. तो जखमी झाला आणि त्याने दावा लावला, तर रक्कम तुमच्या खिशातून. पॅकेज म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र हे प्रवासी येतात, आणि केवळ याच कारणासाठी आमची शिफारस पॅकेजची आहे, गाडी जुनी असली तरी. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यासोबत स्वतःच्या नुकसानीचा भाग बरेचदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षापासून हातात उरते ती नुसती थर्ड पार्टी. ‘पाच वर्षांचा विमा काढलाय’ म्हणणाऱ्यांनी कागद उघडून दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठीचं जोडकलम 28 घ्या, हप्ता 50 रुपयांच्या घरातला आहे.

गाडी विकलेली असेल तर आणखी एक धोका. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार (2018) निकालाप्रमाणे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक. डिलिव्हरी नोटवर सही घेऊन, पैसे मोजून गाडी दिली, पण नाव बदललं नाही, तर तीन वर्षांनंतरच्या अपघाताचं समन्स तुमच्याच दारी येतं, आणि नव्या माणसाने विमा चालू ठेवलेला नसेल तर पॉलिसीही नाही. नमुना 29 आणि 30 भरून, राज्यातच विक्री असेल तर चौदा दिवसांत कळवा आणि आरसीवर नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत थांबा.

निवाडा विरोधात गेला तर उच्च न्यायालयात अपिलाला नव्वद दिवस मिळतात. त्याआधी 25,000 रुपये किंवा निवाड्याच्या रकमेच्या निम्मे, यांतलं जे कमी असेल ते भरावं लागतं, आणि वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील नाही. फक्त वसुलीच्या हुकमाविरुद्धही मालकाला अपील करता येतं. कंपनी ते तुमच्यासाठी करणार नाही. त्या वेळी वकील पहिल्यांदा मागतो तो अपघाताच्या तारखेचा पॉलिसीचा मूळ कागद, शर्तींच्या पुस्तिकेसह, आणि त्या दिवशीचा परवान्याचा उतारा. दावे वर्षानुवर्षं चालतात. नूतनीकरण झालं म्हणून जुनी पॉलिसी रद्दीत टाकू नका.